वहीतले बाण

"टिल्लू, ही हिरवी मंडळी अशी वाळीत टाकल्यासारखी कडेला का बसलीत?"

पळणिटकर सरांनी पेनाचं टोपण माझ्या लॅपटॉपच्या पडद्यावर टेकवलं. पडद्यावर मी चार महिने खपून विणलेलं जाळं होतं. निळे ठिपके म्हणजे ज्वारीची जनुकं, केशरी ठिपके म्हणजे पानांच्या रसात सापडलेली रसायनं, आणि हिरवे दहा ठिपके म्हणजे दहा आठवडे शेतात उभं राहून मोजलेली हिरवी पानं. ज्या दोन गोष्टी एकीच्या पाठोपाठ दुसरी अशा वाढतात-घटतात, त्यांच्यामध्ये एक रेघ. अंधुक रेघा मी गाळून टाकल्या होत्या, ठळक तेवढ्या ठेवल्या होत्या. निळ्या आणि केशरी ठिपक्यांचं छान गूळपीठ जमलं होतं. हिरवे दहा मात्र आपापसात हात धरून कोपऱ्यात उभे होते आणि मधल्या घोळक्याकडे त्यांची एकही रेघ जात नव्हती.

"पाणी तोडल्यावर कुठली ज्वारी हिरवी राहते आणि का राहते, हा आपला प्रश्न," सर म्हणाले. "हिरवेपणाच जाळ्यात नसेल तर आपण काय, नुसती रांगोळी काढली?"

त्यांचं म्हणणं रास्त होतं. एकाच शेताचे तीन साक्षीदार आम्ही बोलावले होते. दोघांची जबानी जुळत होती, तिसऱ्याची जुळत नव्हती. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. पुण्याहून संगणकाची पदवी घेऊन मंगळवेढ्याजवळच्या त्या ट्रस्टच्या लहानशा संशोधन केंद्रात आले होते. ज्वारीशी माझी ओळख भाकरीपुरती होती, पण आत्मविश्वास म्हणाल तर पोत्यानं.

"जनुकं आणि रस मशीननं मोजलाय सर," मी म्हणाले. "पानं माणसानं मोजलीत."

"म्हणजे?"

"वहीतले आकडे मला अंदाजानं भरल्यासारखे वाटतात. दहाही आठवड्यांचे आकडे एकमेकांशी जुळतात, बाकी कशाशीच जुळत नाहीत. पहिल्या आठवड्याचं पान समोर ठेवून पुढे एकेक-दोनदोन कमी करत लिहिलं, तर अगदी असंच दिसेल."

हे वाक्य माझं. कुणी माझ्या तोंडात घातलं नव्हतं. उलट बोलून झाल्यावर आपण किती हुशार आहोत असं वाटून मी जराशी ताठ बसले.

सरांनी खिडकीतून हाक मारून रेवणमामांना बोलावून घेतलं.

रेवणसिद्ध हत्तुरे केंद्रात एकतीस वर्षं होते. शेतातल्या सगळ्या नोंदी त्यांच्या हातच्या. कपाळाला आडवी विभूती, पायांत कातडी चपला आणि काखेत लाल पाठीची लांबट वही. मार्चअखेरीला ते निवृत्त होणार होते, आणि आता फेब्रुवारी लागला होता.

"शरणार्थ सर," मामा दारातूनच म्हणाले.

"मामा, गेल्या हंगामाची वही. शेतात जाऊन भरलीत, की लिंबाखाली बसून?"

सर थट्टा करताहेत असं मामांना वाटलं. ते हसले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, परत सरांकडे पाहिलं आणि हसू आवरतं घेतलं.

"मी एकेक पान हातात धरून मोजलोय की सर. एका प्लॉटात पाच झाडं. एकशेवीस प्लॉट. दर सोमवारी."

"पण वही जुळत नाही."

"कशाला जुळत नाही ओ?"

सरांनी माझ्याकडे बोट केलं. मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. मामा गुडघ्यांवर हात ठेवून वाकले आणि बराच वेळ बघत राहिले.

"ह्यात माझी पानं कुठली मॅडम?"

"हे हिरवे ठिपके."

"ह्यांना कोणच शेजार दिला नाही की," मामा म्हणाले. मग सरळ उभे राहिले. "सर, एकतीस वर्षांत माझ्या वहीला कोण नाव ठेवलं नाही."

"मग आता मी काय करू, तुम्हीच सांगा. गेल्या वर्षीचं पीक काही परत उभं करता येत नाही."

सरांनी ठरवून टाकलं. सर वाईट माणूस नव्हते, पण ट्रस्टची माणसं महिनाअखेरीला काम बघायला यायची होती आणि जाळं अर्धवट का, याचं कारण द्यावं लागणार होतं. 'शेतातील नोंदी विश्वासार्ह नाहीत' असं टिपण त्यांनी लिहून टेबलाच्या खणात ठेवलं. महिनाअखेरीला ते मामांच्या सेवापुस्तकात लागणार होतं, आणि निवृत्तीपूर्वीचा शेवटचा कागद तोच ठरणार होता. तोवर मामांनी फाटकावर बसून गाड्यांची ये-जा लिहायची.

फाटकावर दिवसाला तीन गाड्या येत. मामा स्टुलावर बसून त्या तीन गाड्या सुवाच्य अक्षरात लिहीत. जेवायच्या सुट्टीत बाकीचे गडी लिंबाखाली बसत, पण मामा तिकडे फिरकेनासे झाले. लिंबाचं नाव आता त्यांच्या वहीला चिकटलं होतं ना.

आणि पानं कुणी मोजायची? यंदाचं पीक शेतात उभंच होतं. सोमवारी सर मला म्हणाले, "तूच शोध लावलास, तूच मोज."

नकाशा घेऊन मी शेतात गेले. शेताचे बारा पट्टे, एका पट्ट्यात दहा प्लॉट, असे एकशेवीस. नकाशात सगळं रेखीव होतं. प्रत्यक्षात ज्वारी माझ्या डोक्याच्या वर हातभर होती. पानांच्या कडा कोपरापर्यंत ओरखडे काढत होत्या आणि तासाभरात मी तिसऱ्याच प्लॉटात घामाघूम होऊन उभी होते. त्यात एक पान अर्धं हिरवं, अर्धं वाळलेलं. ते कशात धरायचं? चार महिने मी या पानांचे आकडे उंटावरून शेळ्या हाकल्यासारखे हाकत होते, आणि एक पान मला मोजता येईना.

शेवटी नाक मुठीत धरून फाटकावर गेले.

"मामा, अर्धं वाळलेलं पान हिरवं धरायचं की वाळलेलं?"

मामांनी वर पाहिलं. मला वाटलं, आता चार शब्द ऐकावे लागणार, आणि ते ऐकायची माझी तयारी होती.

"शेंडा वाळला असला तर हिरवं. देठाकडनं वाळत आलं असलं तर ते गेलं," ते म्हणाले. माझ्या हातांवरचे ओरखडे त्यांना दिसले असावेत. त्यांनी नोंदवही मिटली, फाटकाला कडी घातली. "चला. हितं बसून सांगून नाही कळायचं. आधी त्या बाह्या खाली करा."

शेतात शिरल्यावर हा माणूस दहा वर्षांनी तरुण झाला. खालच्या पानापासून बोटं वर सरकत जायची, ओठ हलायचे, पाच झाडं झाली की आकडा यायचा. "एकतीस." मी लिहायची. "अठ्ठावीस." मी लिहायची. मधेच म्हणायचे, "हे झाड बगा मॅडम, पोरीसारखं आहे. पाणी नाही तरी तोंड पाडलं नाही." अर्ध्या तासात पहिला पट्टा संपला. मी लिहिलेलं पुन्हा तपासलं आणि नकाशा बघत दुसऱ्या पट्ट्याच्या सुरुवातीला, म्हणजे शेताच्या डाव्या टोकाला, चालत आले. अकरावा प्लॉट तिथे होता. मी वाट बघत उभी राहिले. मामा काही येईनात.

"मामा! कुठे आहात?"

"हितंच की!" आवाज पार दुसऱ्या टोकाकडून आला. "लिव्हा, सव्वीस!"

"अकरावा प्लॉट इकडे आहे मामा!"

"असू दे की तिकडं! मी हितनं धरलोय!"

मी पट्टा तुडवत त्यांच्याकडे गेले. मामा विसाव्या प्लॉटात उभे होते.

"अहो, दुसरा पट्टा तिकडून सुरू होतो. नकाशात सगळे पट्टे डावीकडून आहेत."

"नकाशा खुर्चीत बसून काढतेत मॅडम. हितं माणूस चालतो." ते मला लहान मुलीला सांगावं तसं सांगत होते. "ह्या टोकाला आल्यावर मोकळं माघारी कशाला जायचं? पेरताना तिफण कशी वळते, या टोकाला आली की हितनंच माघारी पेरत जाते. बैलं मोकळी माघारी नेऊन परत पहिल्या टोकापासनं कोण पेरतंय का?"

"म्हणजे... वहीत दुसऱ्या ओळीतला पहिला आकडा..."

"ह्या टोकाचा. तिसरी ओळ परत त्या टोकापासनं. चौथी ह्या. कापसे साहेब होते तवापासनं असंच आहे. ते पाठीमागनं चालायचे, त्यांना म्हाईतच होतं."

पळणिटकर सरांच्या आधीचे हे कापसे साहेब वारून सहा वर्षं झाली होती. त्यांच्यानंतर मामांच्या मागून कुणी चाललंच नव्हतं.

वहीचं प्रत्येक पान म्हणजे बारा ओळी, ओळीत दहा आकडे, बाकी काही नाही. मी त्या सगळ्या ओळी डावीकडून उजवीकडे टाइप केल्या होत्या, कारण डावीकडून उजवीकडे वाचायचं असतं एवढंच मला ठाऊक होतं. एकाआड एक असे सहा पट्टे मी उलटे घातले होते. साठ प्लॉटांची पानं भलत्याच प्लॉटांच्या जनुकांशेजारी नेऊन बसवली होती, आणि वर ती खोटी आहेत म्हणाले होते. दहाही आठवडे ती सारखीच उलटी होती, म्हणून तर आपापसात जुळत होती.

"काय झालं मॅडम? ऊन लागलं का?"

"नाही," मी म्हणाले. "विसावा प्लॉट, सव्वीस. लिहिलं."

तिथेच सांगायला हवं होतं. ज्वारीत आम्ही दोघंच होतो, कुणी ऐकणारं नव्हतं. पण पुढचे शंभरावर प्लॉट ते आकडे सांगत गेले आणि मी खाली मान घालून लिहीत गेले.

टेबलाशी येऊन सहा पट्टे सुलटे करायला चार मिनिटं लागली. जाळं परत मांडलं. हिरवे दहा ठिपके कोपऱ्यातून सरकत सरकत आले ते थेट मधोमध येऊन बसले. ज्या एका निळ्या ठिपक्याभोवती केशरी मंडळी गोळा झाली होती, त्याच्याकडे त्या दहाही ठिपक्यांच्या ठळक रेघा गेल्या. पाणी तोडल्यावर ज्वारी हिरवी ठेवणारं असं काही असेल तर ते इथे शोधायचं, हे त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, खोटं कशाला बोलू. पाचेक मिनिटं झाला.

मी सरांना सगळं सांगितलं. एक अक्षर गाळलं नाही.

"अरे देवा," सर म्हणाले. "चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो की आपण." खणातलं टिपण काढून त्यांनी चार तुकडे केले. "मामांना उद्यापासून शेतात पाठवतो."

"त्यांना मी सांगू का सर?"

"मी सांगतो. आता त्याचा फार बाऊ नको. ट्रस्टची माणसं यायचीत. अहवालात 'नोंदींच्या क्रमात तांत्रिक दुरुस्ती केली' एवढं लिही. आणि मामांना म्हणतो, यापुढे ओळीला बाण घालत जा, म्हणजे असा घोळ व्हायचा नाही."

मी मान हलवली. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. मामा शेतात परत गेले, टिपण फाटलं, जाळं जमलं, मग आणखी काय राहिलं, असं मी स्वतःला समजावलं. पहिली चूक माझ्याकडून अज्ञानानं झाली. ही दुसरी मी चांगली समजून-उमजून केली.

ट्रस्टची माणसं आली, खूश होऊन गेली. मामा वाटेत भेटले की "शरणार्थ मॅडम" म्हणत. पूर्वी ते म्हणताना थांबत, चार गोष्टी बोलत. आता जरा घाईनं म्हणत आणि वाट सोडून कडेला होत. मला वाटे, राग आहे. राग असणारच, मी म्हणे, आणि मीही घाईनं पुढे जाई.

मार्चमध्ये एक गंमत दिसली. मामा रोज संध्याकाळी कपाटातल्या जुन्या वह्या मागून घेत, दोन-तीन पिशवीत घालून घरी नेत आणि सकाळी आणून ठेवत. निवृत्त होणाऱ्या माणसाला जुन्या वह्या चाळाव्याशा वाटत असतील, असं समजून मी सोडून दिलं.

निरोपाचा कार्यक्रम शेडमध्ये झाला. कडक भाकरी, शेंगांची चटणी, शाल, श्रीफळ. मामांच्या घरून गुरुबाईमामी आल्या होत्या. डोक्यावरचा पदर सावरत त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या. सरांनी भाषण केलं. मग मामांना बोला म्हणाले. मामा कधी चारचौघांत बोललेले नव्हते. त्यांनी टेबलावर एक गाठोडं ठेवलं आणि शालीचं टोक हातात घट्ट धरलं.

"मला काय बोलायला येत नाही," ते म्हणाले. "एकतीस वर्षं मी पानं मोजलो. सगळे साहेब चांगले भेटले. पण शेवटच्या वर्षी माझ्याकडनं एक चूक झाली. वहीत मी बाण घातलो नव्हतो. त्यापायी टिल्लू मॅडमचं चार महिन्यांचं काम वाया जायला लागलं होतं. त्या लहान आहेत, परगावच्या आहेत, त्यांना कसं कळायचं? मी सांगायला पायजे होतं. सर मोठ्या मनानं मला परत शेतात घेतले."

त्यांनी गाठोडं सोडलं. आत एकतीस वह्या होत्या.

"म्हणून सगळ्या वह्यांत आता बाण घातलोय. पहिल्या वर्षापासनं. प्रत्येक ओळीला. आता कुणाला माझ्यापायी तरास व्हायचा नाही. मॅडम, तुमची माफी मागतो."

आणि एवढ्या माणसांसमोर त्यांनी माझ्या दिशेनं हात जोडले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सर खाली चपलेकडे बघत होते. सर्वांत वरची वही उघडीच पडली होती. पिवळ्या पडलेल्या पानावर निळ्या शाईतले जुने आकडे आणि प्रत्येक ओळीच्या कडेला नवा लाल बाण. एक डावीकडून, पुढचा उजवीकडून, परत डावीकडून. एका पानावर बारा बाण. एका वहीत दहा-बारा पानं. एकतीस वह्या. ज्या कामात माझी चार मिनिटं गेली होती, त्यासाठी हा माणूस महिनाभर संध्याकाळचा पट्टी घेऊन बसला होता, न केलेल्या चुकीपायी.

मी उठले.

"मामा, हात खाली घ्या," मी म्हणाले. आवाज चढला होता, पण आता तो खाली आणता येईना. "चूक तुमची नव्हती. वही पहिल्यापासून खरी होती. मी ती उलटी वाचली. तुम्हाला न विचारता, शेतात एकदाही पाय न ठेवता वाचली, आणि सरांना सांगितलं की तुम्ही आकडे अंदाजानं भरता. ते मी सांगितलं होतं. माझ्यामुळे तुम्ही फाटकावर बसलात. आणि त्या सोमवारी विसाव्या प्लॉटात मला ते कळलं, तरी मी बोलले नाही. पन्नास दिवस बोलले नाही."

सर उठून उभे राहिले. मला वाटलं, आता मला थांबवणार. ते म्हणाले, "मलाही माहीत होतं मामा. मीच तिला गप्प बसवलं." आणि परत बसले.

गुरुबाईमामींनी मामांकडे पाहिलं. "तवा मी म्हणलो नव्हतो का तुमाला, वही खरी आहे म्हणून," त्या हळूच म्हणाल्या आणि पदरानं डोळे टिपले. शेवटचा महिनाभर त्या घरात काय बोलणं झालं असेल, ते मला त्या एवढ्याशा वाक्यात कळलं.

मामा मात्र वहीकडे बघत होते.

"म्हणजे वही खरीच होती?"

"पहिल्यापासून."

"हे तुम्हाला म्हाईत होतं?"

"होतं."

मग त्यांनी बोटानं त्या पानावरचे बाण वरपासून खालपर्यंत चाचपले, ज्वारीची पानं चाचपायचे तसेच.

"तीन लाल पेनं संपली की ओ मॅडम," ते म्हणाले.

कुणीतरी हसलं. मग मामाही हसले आणि मी रडायला लागले. त्यांनी वह्या परत एकावर एक रचल्या, गाठोड्याची गाठ बांधली आणि ते उचलून माझ्या हातात दिलं. चांगलंच जड होतं.

"मी खोडू का मामा ते बाण?" मला काहीच सुचेना म्हणून मी विचारलं.

"राहू द्या," मामा म्हणाले. "पुढं कोणतरी तुमच्यासारखंच येईल की."